कॅला परत का जाते?

अँड्रिया क्रेमर या अमेरिकन लेखिकेची 'वुल्फ्सबेन' ही कादंबरी मी डिसेंबरच्या सुट्टीत चार रात्रींत वाचून काढली. ही कादंबरी सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेली आहे आणि माझं वय आहे सेहेचाळीस. तिच्यात लांडगा होणारी माणसं आहेत, जादूटोणा करणारे मालक आहेत आणि एकाच मुलीवर जीव टाकणारे दोन तरुण आहेत. एरवी मी शिक्षण, निकाह-तलाकचे प्रश्न, उर्दू शाळांची अवस्था अशा विषयांवर लिहिते. त्यामुळे काही वाचकांना आजचा विषय हलका वाटेल. पण कादंबरी मला मनापासून आवडली. ती का आवडली हे सांगताना आपल्या घरांबद्दलही थोडं बोलायचं आहे.

पुस्तक माझं नाही, भाचीचं आहे. भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. ती यवतमाळला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, प्राणीशास्त्र घेऊन. नागपूरला जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिला हा दुसरा भाग स्वस्तात मिळाला. पहिला भाग तिथे नव्हता. जुन्या पुस्तकांचं हे नेहमीचंच आहे, मालिकेतलं मधलंच पुस्तक हाती लागतं. मग पहिला भाग तिने मोबाईलवर वाचला. सुट्टीत ती बोरी अरबला घरी आली आणि मीही अम्मीला भेटायला गेले होते. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "फुफी, कव्हर असलं की सगळ्यांना अभ्यासाचं वाटतं."

आमचं बोरी अरब दारव्हा तालुक्यात. कापूस, तूर, सोयाबीन यांच्यावर जगणारं गाव. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या ओल्या शेंगा येतात आणि बाया अंगणात उन्हाला बसून सोले काढतात. हात कामात असतात, तोंड रिकामं असतं. त्या दिवसांत मी रात्री जे वाचायचे ते सकाळी अम्मीला सांगायचे. अम्मीला इंग्रजी येत नाही, मराठी वाचता येतं, उर्दू चांगलं येतं. माझे नाना उर्दू शाळेत शिक्षक होते आणि घरात दास्तानी मोठ्याने वाचल्या जायच्या. 1883 पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून निघालेल्या 'तिलिस्मे होशरुबा'तल्या जादूगार राण्या आणि त्यांच्या फौजा अम्मीला लहानपणापासून ठाऊक आहेत. त्यामुळे मुलगी लांडगा होते हे ऐकून तिला काहीच नवल वाटलं नाही. तिने फक्त विचारलं, "चांद देखके होती, कि अपनी मर्ज़ी से?"

प्रश्न अचूक होता. या मालिकेतल्या लांडग्यांना पौर्णिमेची गरज नाही. ते मनात येईल तेव्हा रूप बदलतात, जन्मतःच तसे असतात. त्यांना 'रक्षक' म्हणतात. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात व्हेल नावाचं डोंगराळ गाव आहे, तिथे ते राहतात. मात्र रूप बदलण्याची मर्जी त्यांची असली तरी बाकी कशातच त्यांची मर्जी चालत नाही. त्यांच्यावर जादू जाणणाऱ्या श्रीमंत घराण्यांची सत्ता आहे. पुस्तकात त्यांना 'कीपर' म्हणतात, मी आपलं 'मालक' म्हणते. रक्षकांनी कुणाशी लढायचं, काय वाचायचं, कुणाशी लग्न करायचं, सगळं मालक ठरवतात.

पहिला भाग 'नाईटशेड' 2010 साली आला. नायिका कॅला टोर एका कळपाची भावी म्होरकी. दुसऱ्या कळपाचा म्होरक्या होणाऱ्या रेनशी तिचं लग्न मालकांनी लहानपणापासून ठरवून ठेवलं आहे. तोपर्यंत तिने कुणाला हातही लावू द्यायचा नाही. रेन मात्र गावातल्या हव्या त्या मुलीबरोबर फिरतो आणि त्याला कुणी बोलत नाही. तिची आई तिला नीट बस, नीट बोल, मुलीसारखी वाग असं सतत सांगते. हे मी सांगत असताना आमच्या शेजारच्या खाला शेंगा सोलायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ये तो अपने यहाँ की बात हुई." कोलोराडोपासून दारव्ह्यापर्यंत काही गोष्टी सारख्याच आहेत.

पुढे कॅला अस्वलाच्या तावडीतून शे नावाच्या एका मुलाला वाचवते. लग्नाच्या रात्री तिला कळतं की मालक त्याच शेचा बळी देणार आहेत. ती त्याला घेऊन पळते. पहिला भाग इथे थांबतो.

'वुल्फ्सबेन' 2011 च्या जुलैमध्ये आली. सुरुवातीलाच कॅला जागी होते ती शत्रूच्या घरात. 'सर्चर' म्हणजे शोधक, ज्यांना मारण्यासाठी तिला लहानपणापासून तयार केलं त्यांच्याच ताब्यात. आपल्याला आता ठार मारतील असं तिला वाटतं. मी पहिला भाग न वाचताच दुसरा उघडला होता, त्यामुळे माझीही तिच्यासारखीच गत झाली. कोण आपलं, कोण परकं, काही कळत नव्हतं. दोघी मिळूनच शोधत गेलो म्हणा ना.

लांडग्यांच्या प्रेमकथेचा दुसरा भाग म्हटलं की बहुतेकांना 'ट्वायलाइट'नंतरची 'न्यू मून' आठवेल. ती 2006 ची. तीही मी वाचली आहे. तिच्यात प्रियकर सोडून गेल्यावर नायिका इतकी खचते की पुस्तकात काही पानांवर फक्त महिन्याचं नाव आहे, बाकी पान कोरं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. दुःख दाखवायची ती रीत परिणामकारक आहे, यात शंका नाही. पण त्या कोऱ्या महिन्यांत त्या मुलीला दुसरं काही आयुष्यच नव्हतं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. कॅलाचं पान कोरं राहू शकत नाही, कारण तिच्या मागे माणसं राहिली आहेत. धाकटा भाऊ अ‍ॅन्सल, आई, बाप, जिवाची मैत्रीण ब्रिन, आणि ज्याला ती लग्नातून सोडून आली तो रेनसुद्धा.

अम्मीचा दुसरा प्रश्नही अचूक होता. मी रंगवून सांगत होते की कॅला कशी लढली, शोधकांच्या टोळीत अ‍ॅडने नावाची मुलगी हवेत धागे विणून दूरच्या ठिकाणाचे दरवाजे कसे उघडते, त्यांची प्रमुखही बाईच आहे, वगैरे. अम्मी ऐकत होती. मध्येच म्हणाली, "वो सब ठीक है. पीछे उसकी माँ का क्या हुआ?"

आईला मालकांनी मारून टाकलं. अ‍ॅन्सलच्या अंगातला लांडगा काढून घेतला. तो जिवंत आहे, चालतो-बोलतो, पण आता तो नुसता मुलगा उरला आहे आणि हे त्याला सोसत नाही. ही पानं वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं होतं. मुलगी निघून गेली की तिची किंमत घरात उरलेल्यांकडून वसूल केली जाते. ही गोष्ट लहान मुलांच्या पुस्तकात इतक्या सरळपणे मांडलेली मला अपेक्षित नव्हती. बंडखोर नायिका आपण खूप वाचतो. ती उंबरठा ओलांडते, मागे वळून बघत नाही आणि आपण टाळ्या वाजवतो. मागे राहिलेल्या आईचं, धाकट्या भावंडांचं काय झालं हे लेखक सहसा सांगत नाहीत. क्रेमरबाई सांगतात, आणि पुढची सगळी कादंबरी त्यावरच उभी करतात.

कॅलापुढे शोधक एक प्रस्ताव ठेवतात. आमच्या बाजूने लढ, मालकांचा नाश करू आणि तुझा कळप सोडवू. इथे नायिकेची ताकद कळते. ती लगेच गळ्यात पडत नाही. शोधक चांगले आहेत हे तिला हळूहळू दिसतं, पण त्यांनाही लढायला लांडगे हवे आहेत हेही तिला दिसतं. सुटका करणाऱ्याचाही काही हिशेब असतो. ती त्यांच्याशी मैत्री करते, त्यांच्याबरोबर लढते, पण आपली माणसं सोडवायची हा मुद्दा एकदाही खाली ठेवत नाही.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान बाईला हे प्रकरण ओळखीचं वाटेल. आमच्याकडे एका बाजूने सांगितलं जातं, गप्प बस, घराची अब्रू तुझ्या हातात आहे. दुसऱ्या बाजूने, फार प्रेमाने, सांगितलं जातं, बाहेर पड, आम्ही आहोत. एका कार्यक्रमानंतर एका भल्या बाईंनी माझा हात हातात घेऊन मला विचारलं होतं की तुम्ही इतकं चांगलं मराठी लिहिता, मग अजून "त्यांच्यात" कशा राहता? त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण "त्यांच्यात" म्हणजे माझी अम्मी, माझा भाऊ, सोले काढणाऱ्या खाला. मालक आणि माणसं यांतला फरक त्या बाईंना दिसत नव्हता. कॅलाला तो दिसतो. ती मालकांना सोडते, कळपाला सोडत नाही. अख्ख्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

कळप या शब्दावरून भाचीने मला एक चांगली माहिती दिली. असल्या कादंबऱ्यांत 'अल्फा' हा शब्द पानोपानी असतो. अल्फा म्हणजे सगळ्यांना दाबून वर आलेला म्होरक्या. ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाच्या 1947 च्या निबंधापासून पसरली. त्याने पाहिलेले लांडगे पिंजऱ्यातले होते, एकत्र कोंडलेले. कोंडलेल्यांत मारामाऱ्या होणारच. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1970 मध्ये 'द वुल्फ' या पुस्तकात तीच कल्पना वापरली आणि ती जगभर गेली. पुढे त्यांनी स्वतः कॅनडाच्या उत्तरेला एल्समियर बेटावर अनेक उन्हाळे मोकळे लांडगे पाहिले. तेव्हा दिसलं की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची मुलं. मुलं आईबापांचं ऐकतात तशी ती ऐकतात, म्होरकेपणासाठी रोज लढाई नसते. मेक यांनी हे 1999 मध्ये लिहिलं आणि आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाला विनंतीही केली.

आता कादंबरी पुन्हा बघा. मालकांच्या राज्यातले कळप म्हणजे पिंजऱ्यातले लांडगे. कुणी कुणाच्या वर, कुणी कुणाशी जोडी करायची, हे बाहेरून ठरवलेलं. कॅला ज्यासाठी परत जाते तो कळप मात्र कुटुंब आहे. लेखिकेने मेक वाचले असतील की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. क्रेमर मिनेसोटा राज्यातल्या मॅकॅलेस्टर कॉलेजात इतिहास शिकवत होत्या. सत्ता माणसांना इतिहास कसा शिकवते याची जाण त्यांच्या पुस्तकात जागोजागी दिसते.

याचं एक उदाहरण अम्मीने माझ्याआधी पकडलं. रेनची आई तो तान्हा असताना मारली गेली. शोधकांनी तिला मारलं असं मालकांनी त्याला सांगितलं आहे, आणि तो त्या रागावरच मोठा झाला आहे. प्रत्यक्षात तिने मालकांविरुद्ध उठाव करायचं ठरवलं होतं म्हणून मालकांनीच तिला संपवलं. हे ऐकताच अम्मी म्हणाली, "ये तो यूसुफ़ अलैहिस्सलाम का कुर्ता हो गया."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कुरआनात लांडगा येतो तो फक्त सूरह यूसुफमध्ये. भाऊ यूसुफना विहिरीत टाकतात, त्यांच्या सदऱ्याला खोटं रक्त लावतात आणि बापाला येऊन सांगतात की लांडग्याने खाल्लं. हजरत याकूब यांचा त्यावर विश्वास बसत नाही. म्हणजे त्या सगळ्या कथेत लांडग्याने काहीच केलेलं नाही. कुरआनातला लांडगा निर्दोष आहे, त्याच्यावर आळ आहे. मी ही सूरह लहानपणापासून ऐकत आले, पण लांडग्याच्या बाजूने तिचा कधी विचार केला नव्हता.

आळ घेतलेल्या लांडग्याशी माझी ओळख तशी जुनी आहे. शाळेत आम्हा मुसलमान मुलांना एक शिवी ऐकावी लागायची, लांडगा या शब्दाच्या अगदी शेजारची. मराठी वाचकांना ती माहीत आहे, इथे लिहायची गरज नाही. गावाबाहेर शेतात मेंढ्या बसायच्या आणि रात्री एखादी मेंढी गेली की लांडग्याचं नाव निघायचं, मग ती कुत्र्याने नेलेली असो की माणसाने. आज भारतात लांडगे अंदाजे दोन ते तीन हजारच उरले असल्याचं सांगतात. कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. पण वाघासाठी पर्यटक येतात, लांडग्यासाठी कुणी येत नाही.

लांडगा होणारा माणूस ही कल्पनाही आपल्याला अगदी परकी नाही. अरबीत त्याला 'कुतरुब' असा शब्द आहे. इब्न सीना यांनी आपल्या 'अल-कानून' या वैद्यकग्रंथात कुतरुब हा उदासीच्या आजाराचा एक प्रकार म्हणून नोंदवला आहे. असा रोगी माणसांपासून पळतो आणि रात्री कबरस्तानात फिरतो. हजार वर्षांपूर्वीचा हकीम अशा माणसाला भूत समजून मारा म्हणत नाही, त्याच्यावर इलाज सांगतो. आणि 'वुल्फ्सबेन' म्हणजे काय? आपल्या बचनागाच्या कुळातलं विषारी झाड. युरोपात पूर्वी लांडगे मारायला त्याचं विष वापरत. नाव ऐकून अम्मीने फक्त मान हलवली.

लग्नाचा मुद्दा मात्र आमच्या अंगणात जरा जास्त वेळ चालला. कॅलाला लग्नाबद्दल कुणी विचारत नाही. शेजारच्या खाला म्हणाल्या, आपल्याकडे तरी कुठे विचारतात? मी म्हटलं, आपल्याकडे विचारणं फर्ज आहे. बुखारी शरीफमध्ये खनसा बिंत खिदाम यांची गोष्ट आहे. वडिलांनी त्यांचं लग्न त्यांच्या मर्जीविरुद्ध लावून दिलं, त्या पैगंबरांकडे गेल्या आणि पैगंबरांनी तो निकाह रद्द ठरवला. निकाहच्या दिवशी वकील आणि दोन गवाह मुलीकडे इजाजत घ्यायला येतात ते याचसाठी. पण तोपर्यंत मांडव पडलेला असतो, देगी चढलेल्या असतात, आणि मुलगी "नाही" म्हणू शकेल अशी एकही वाट उघडी नसते. विचारणं राहिलं, विचारण्याचा अर्थ गेला. यावर खाला काही बोलल्या नाहीत. त्यांच्या हातातल्या शेंगा मात्र पटापट सुटू लागल्या.

भाची हे सगळं ऐकत होती. तिला नागपूरला एम.एस्सी. करायचं आहे आणि पुढे वन्यप्राण्यांवर काम करायचं आहे. घरात तिच्यासाठी एक स्थळ आलेलं आहे. मुलगा चांगला आहे, पण घाईत आहे. माझा भाऊ वाईट बाप नाही. त्याने तिला यवतमाळला ठेवलं, फी भरली, लोकांची बोलणी ऐकून घेतली. पण नागपूरचं नाव काढलं की तो एकच वाक्य बोलतो: गेलेली मुलगी परत येत नाही. आमच्या नात्यातली एक मुलगी शिकायला गेली होती, तिने आपल्या मर्जीने लग्न केलं आणि त्यानंतर तिचं नाव घरात कुणी घेत नाही. भावाच्या मनात ती भीती बसली आहे.

एका दुपारी तो जेवायला आला तेव्हाही आमचं कॅलापुराण चालूच होतं. तो हसला, म्हणाला, लांडग्यांच्या प्रेमाच्या गोष्टी ऐकताय होय? मग पुन्हा त्याचं ते वाक्य, की असली पुस्तकं मुलींना पळून जायला शिकवतात. मी उत्तर द्यायच्या आतच अम्मी म्हणाली, "पूरी तो सुन. वो वापस आती है. अपनों को छुड़ाने वापस आती है."

भाऊ गप्प बसला. मग भाची स्वतः बोलली. इतके दिवस ती माझ्याकरवी, दादीकरवी बोलायची, त्या दिवशी सरळ बापाशी बोलली. मी अर्ज भरते, स्थळाला आत्ताच "हो" म्हणू नका, आणि जेव्हा विचाराल तेव्हा मला खरंच विचारा. तेवढंच. आवाज चढला नाही. भावाने पाणी प्यायलं आणि "बघू" म्हणाला. आमच्या घरात "बघू" म्हणजे नकार नसतो. होकारही नसतो. अर्ज भरायला अजून अवकाश आहे, त्यामुळे पुढे काय होईल ते आज मी सांगू शकत नाही.

पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळते आहे. नात्यातली ती मुलगी परत आली नाही, असं आम्ही म्हणतो. तिला परत यायला वाट ठेवली होती का? फोन कुणी उचलला? तिच्या आईला भेटू दिलं? आम्ही दार लावून घेतलं आणि मग म्हणालो, बघा, आलीच नाही. कॅला परत येऊ शकली कारण आत तिची वाट बघणारं कुणीतरी होतं. तिच्या परतण्याला हिंमत लागली, तशी आतल्यांच्या मनात तिची जागाही शिल्लक असावी लागली. मुलगी परत येणं हे एकट्या मुलीच्या हातात नसतं.

आता पुस्तकाच्या उणिवाही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल फुफी भाचीच्या पुस्तकाची जाहिरात करते. पात्रं फार आहेत, सुरुवातीची शंभर पानं नावं लक्षात ठेवण्यात जातात. शोधकांच्या जादूचे नियम लेखिकेला जेव्हा जसे हवे तसे वाकतात. कॅला रणांगणात जितकी स्पष्ट आहे तितकीच शे आणि रेन यांच्या बाबतीत गोंधळलेली आहे, आणि हा गोंधळ जरा जास्तच लांबतो. चुंबनं बरीच आहेत. अम्मीला सांगताना मी ती गाळत होते. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बीच बीच में तू क्या खा जा रही?" मी विषय बदलला. तिने तो मुकाट्याने बदलू दिला, पण हसू लपवलं नाही. तिसरा भाग 'ब्लडरोज' 2012 मध्ये आला. त्याचा शेवट अनेक वाचकांना पटला नव्हता, एवढंच सांगते.

काही जण म्हणतील, आपल्या मुलींनी हे कशाला वाचावं, आपल्याकडे काय कमी आहे? कमी नाही, हे खरंच. बंगालच्या बेगम रुकय्या यांनी 1905 मध्येच 'सुलतानाज ड्रीम' लिहिली. इंग्रजीत लिहिलेली ती कथा मद्रासच्या एका मासिकात छापून आली. तिच्यातल्या देशात बाया राज्य चालवतात, शास्त्र शिकतात आणि पुरुष घरात पडद्यात बसतात. मुसलमान बाईने लिहिलेली अद्भुतकथा, सव्वाशे वर्षांपूर्वीची. आपल्या किती मुलींना ती माहीत आहे? मराठीतून किती जणींपर्यंत पोहोचली आहे? पोहोचवायचं काम आपलं होतं. ते होत नाही तोवर मुली कोलोराडोच्या लांडग्यांकडे जातील, आणि मला त्यात वाईट काही दिसत नाही. उलट तिथून त्या खनसापर्यंत आणि यूसुफच्या कुर्त्यापर्यंत आल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझी एवढीच विनंती आहे. घरातल्या मुलीच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर दिसलं तर ते ओढून काढू नका. तिला गोष्ट सांगायला सांगा, आणि अम्मीसारखे मध्ये मध्ये प्रश्न विचारा. मागे राहिलेल्यांचं काय झालं हेही विचारा. मुलीला तो प्रश्न आवडतो. तिलाही तो पडलेलाच असतो, फक्त कुणी विचारत नाही.